खडकांची गुरगुर

आमच्या घरात पावसाला नुसतं पाऊस म्हणत आणि शाळेत नुसतं रेन. घर आणि शाळा यांच्यामधे जो बंदराचा रस्ता होता, तिथं मात्र त्याच पावसाला इतकी नावं होती की मला सगळी पाठ व्हायला तीन हिवाळे लागले. दिसत नाही पण अंगावरचा कोट जड करून टाकतो, तो स्मर. सकाळी सुरू झाला की शाळा सुटेपर्यंत हटत नाही, तो ऑनडिंग. वाऱ्यासकट अचानक तोंडावर आपटून जाणारा ब्लर्ट, आणि शाळेत एखादी मुलगी एकदम भडभडून रडली तर तिलाही बंदरावरच्या बायका ब्लर्टच म्हणत. समुद्रावरून चढून येणारं धुकं म्हणजे हार. यातलं काहीच नसेल, नुसताच करडा, कंटाळवाणा दिवस असेल, तर ड्रीख. हे सगळे शब्द बोलायला मला घरी बंदी होती, हे आधीच सांगून टाकते.

बंदी बाबांची. ते पुण्याचे, स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या या लहानशा कोळ्यांच्या गावात डॉक्टर म्हणून आले आणि राहिले. खाली त्यांची सर्जरी, म्हणजे दवाखाना, आणि वर आमचं घर. त्यांचं इंग्रजी इस्त्री केल्यासारखं कडक होतं आणि ते त्यांनी फार कष्टानं मिळवलं होतं. मी एकदा जेवताना "आय" म्हटलं तर त्यांनी चमचा खाली ठेवला. "यस म्हण. इथल्या लोकांना चालतं तसं बोललेलं. तुला नाही चालणार. तुझा चेहरा बघून लोक आधीच अर्धं ऐकणार नाहीत." तेव्हा मला ते नुसते रागीट वाटले होते. आता वाटतं, किती गोष्टी गिळून ते वाक्य तयार झालं असेल. गंमत म्हणजे शाळेतल्या बाईंचंही हेच मत. गावातली मुलं सुद्धा वर्गात आली की आपली भाषा दाराबाहेर चिखलाच्या बुटांसारखी काढून ठेवत आणि सुटल्यावर परत घालत.

आई वेंगुर्ल्याची. तिला या गावाचं हवामान कधीच मानवलं नाही, पण मासळी मानवली. पहिल्याच आठवड्यात तिनं बंदरावर कोळ्यांना बांगड्यांची टोपली पाण्यात भिरकावताना पाहिलं आणि ती जवळजवळ किंचाळली. तिथली माणसं तेव्हा बांगडा तोंडात घालत नसत. गळाला लावायचा, नाहीतर फेकायचा. आईनं त्या दिवशी फेकायचे बांगडे पदरात नाही, पण बाबांच्या रेनकोटात भरून आणले. मुंबईहून आणलेली त्रिफळं आणि आमसुलं जपून घालून तिखलं केलं आणि घरभर असा वास सुटला की खालच्या पेशंटांनी बाबांना विचारलं, डॉक्टर, नवीन औषध आहे का? खिडक्यांच्या फटीत आईनं जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्या कोंबलेल्या होत्या. वारा वाढला की त्या पट्ट्या हळूहळू आत यायला लागत, आणि त्या किती आत आल्या यावरून आई कपडे बाहेर वाळत घालायचे की नाही ते ठरवी.

आमच्या शेजारी डोड राहायचा. सत्तरी कधीच ओलांडलेला, गुडघे गेलेले, त्यामुळे समुद्र सुटलेला कोळी. मुलगा सँडी आता होडी चालवायचा, खेकड्यांचे पिंजरे टाकायला रोज सकाळी बाहेर पडायचा. सून जीन घर बघायची. आमची ओळख झाली ती खेकड्यांमुळे. डोड एक दिवस बादली घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "पार्टन." आईनं आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "कुर्ल्यो!" बस, त्या दिवसापासून दोघं मित्र. आईचं इंग्रजी तोकडं आणि डोडचं तर इंग्रजी नव्हतंच, तरी दोघं पायरीवर बसून तास तास बोलत. डोडचं बोलणं मला आजही आईच्या मालवणीतच आठवतं, त्याला माझा इलाज नाही. तो मला क्वाइन म्हणायचा. त्यांच्याकडे पोरीला क्वाइन म्हणतात. आईनं एकदा ऐकलं आणि सांगून टाकलं, "म्हणजे चेडू." त्यानंतर माझ्या कानात तो चेडूच म्हणत राहिला.

बंदराच्या तोंडाबाहेर काळ्या खडकांची एक रांग होती. गाव त्यांना कुत्रे म्हणायचं. लाटा त्यांच्या फटीत शिरून बाहेर पडताना जो आवाज व्हायचा त्यावरून कुत्र्यांची तब्येत ओळखायची, ही त्या गावची जुनी रीत. रेडिओवर हवामान सांगत होतेच, पण रेडिओ सगळ्या किनाऱ्याचं सांगतो, आपल्या दारातलं नाही, असं डोड म्हणायचा. बाहेरच्या समुद्रात कुठंतरी लांब वादळ उठलं की वारा यायच्या कितीतरी आधी पाण्याखालचा फुगवटा येऊन पोचतो, आणि तो सगळ्यांत आधी कुत्र्यांना कळतो. त्यांच्या आवाजाला डोडकडे चार शब्द होते. मर, म्हणजे मांजर चुलीपाशी घुरघुरतं तसा. खुशाल जा. गर्र, म्हणजे अनोळखी माणूस फाटकापाशी आला की कुत्रा बसल्या जागेवरून गुरगुरतो तसा. जा, पण लवकर ये. गुर्ल, म्हणजे कुत्रा उठून उभा राहिला. आवाज घशातून नाही, पोटातून येतो, आणि मधे मधे थांबतो. हे थांबणंच वाईट. गुर्ल असेल तर दोर सोडायचा नाही, मग आकाश कितीही निळं असो. आणि चौथा गाउल, म्हणजे भेसूर रडणं. तो ऐकायला यायच्या आत घरी असायला हवं. आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, आमच्याकडे याला गाज म्हणतात, पण गाजेचे असे चार तुकडे आम्ही केले नाहीत. तिला थोडा हेवाच वाटला असावा.

रोज सकाळी धक्क्यावर एक छोटा समारंभ व्हायचा. सँडी एक पाय होडीच्या काठावर ठेवायचा आणि विचारायचा, "फिट आर द डॉग्ज सेयिन, दा?" कुत्रे काय म्हणतायत, बाबा? डोड मान तिरकी करायचा, टोपी कानावरून वर सरकवायचा, सगळे गप्प व्हायचे, आणि मग तो एक शब्द बोलायचा. शेजारच्या दोन-तीन होड्याही त्या एका शब्दावर थांबलेल्या असायच्या. तो शब्द बोलून झाला की डोडचं दिवसाचं काम संपलं. त्याच्याकडे एवढंच काम उरलं होतं, आणि त्यासाठी तो रोज दाढी करून यायचा.

शाळेला जाताना मी तिथं थांबायची. एक दिवस कुत्रे चांगले गर्र करत होते आणि डोड म्हणाला, मर. मला वाटलं चेष्टा करतोय, म्हणून मी हसले. मग त्याचा चेहरा पाहिला. सँडीची होडी बाहेर पडेपर्यंत तो माझी नजर चुकवत राहिला. त्यानंतर मी मुद्दाम त्याच्या मागं उभी राहून हाक मारून पाहिली, एकदा हळू, एकदा जोरात. तो वळला नाही. मी समोर आले तेव्हा तो माझ्या ओठांकडे बघत होता.

"कोणाक सांगू नको गो चेडवा," तो म्हणाला. निदान मला तरी असंच आठवतं.

बाबांना संशय होताच. "त्या डोडला एकदा खाली पाठव गं," ते आईला म्हणायचे, "कानाचं मशीन द्यायला हवं." पण मशीन घालून डोड धक्क्यावर उभा राहिला असता तर त्याला कोण विचारणार? तेव्हा आम्ही दोघांनी एक युक्ती काढली. मी त्याच्या शेजारी उभी राहायची आणि थंडी वाजतेय म्हणून त्याच्या कोटाच्या खिशात हात घालायची. खिशात त्याचा पंजा असायचा, दोरखंडासारखा खरबरीत. त्याच्या तळव्यावर मी बोटं दाबायची. एक म्हणजे मर, दोन म्हणजे गर्र, तीन म्हणजे गुर्ल, चार म्हणजे गाउल. मग तो मान तिरकी करायचा, टोपी सरकवायचा आणि शब्द बोलायचा. वर्षभर आम्ही हे केलं. एकदाही चुकलो नाही. शाळेत माझ्या उच्चारांना हसायचे, घरी माझ्या मराठीला, आणि इथं माझ्या बोटांवर होड्या जात-येत होत्या, त्यामुळे मी केवढी फुशारले होते हे कोणाला सांगताही येत नव्हतं.

आता त्या दिवाळीचं. तिकडे ऑक्टोबरात शाळेला सुट्टी असते, पूर्वी मुलं बटाटे काढायला जायची म्हणून तिला टॅटी हॉलिडेज म्हणतात. त्या वर्षी नरकचतुर्दशी नेमकी सुट्टीत आली. आईनं अंधारात उठवलं, तेल चोळलं, उटणं लावलं, इमर्शन हीटरच्या पाण्यानं अंघोळ घातली. पायाच्या अंगठ्यानं चिरडायला कारीट कुठलं मिळणार? दर वर्षी आई एक ब्रसेल्स स्प्राउट ठेवायची. ते काही केल्या फुटायचं नाही, घरंगळत सोफ्याखाली जायचं, आणि बाबा लुंगीवर "गोविंदा, गोविंदा" म्हणत त्याच्या मागं. त्या दिवशी ते पहिल्याच दाबात फुटलं आणि आईला फार बरं वाटलं. चकल्यांचा डबा माझ्या हातात देत ती म्हणाली, "डोडला दे, सँडीलाही दे. आणि आज सणाचा दिवस आहे, तोंडातून चांगलं तेच निघू दे."

आमच्या घरात हे काही नवीन नव्हतं. कोणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत असलं की कुठं म्हणून विचारायचं नाही. जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. त्या क्षणी वाईट-वंगाळ शब्द काढायचा नाही, मनात आला तरी गिळायचा. आणि बंदरावरही तेच! समुद्रावर निघालेल्याला कुठं निघालास असं कोणी विचारत नसे, मागून हाक मारत नसे, डुकराचं नाव काढत नसे. आईला हे कळलं तेव्हा तिला इतका आनंद झाला होता की तिनं बाबांना सांगितलं, "अहो, ही माणसं आपलीच आहेत." फक्त एका गोष्टीत ती आपली नव्हती, आणि ती माझ्या लक्षात आली नव्हती. कुत्रे काय म्हणतात ते सांगणं या नियमात बसत नव्हतं. ते काम होतं.

धक्क्यावर गेले तेव्हा उजाडत होतं. वारा अगदी नाही. समुद्र तेल ओतल्यासारखा आणि आकाश गुलाबी. वादळामुळे सँडी आठवडाभर घरी अडकला होता आणि त्याचे पिंजरे लांब बाहेर पडून होते. रेडिओनं वारा संध्याकाळी येईल म्हणून सांगितलं होतं, आणि तो दुपारच्या आत परतणार होता. त्यानं एक चकली तोंडात टाकली, मला डोळा मारला, "हॅपी दिवाली, क्वाइन," म्हणाला आणि पाय होडीच्या काठावर ठेवला.

"फिट आर द डॉग्ज सेयिन, दा?"

मी डोडच्या खिशात हात घातला आणि ऐकलं. आवाज खालून येत होता. पोटातून. एक लांब, मग काहीच नाही. मी मनात आकडे मोजायला लागले इतका वेळ काही नाही, आणि मग परत एक लांब. मला शंका नव्हती, हे मी आज लिहून ठेवते. लोकांनी नंतर मला फार सांभाळून घेतलं, लहान होती, नीट ऐकू आलं नसेल म्हणाले. मला नीट ऐकू आलं होतं. ते गुर्ल होतं.

मी एक बोट दाबलं. दुसरं दाबलं. समोर सँडी हसत उभा होता, त्याच्या दातात चकलीचा तुकडा, पाय उचललेला, आणि माझ्या अंगाला अजून उटण्याचा वास येत होता. निघालेल्या माणसाला आजच्या दिवशी हा शब्द माझ्याकडून? तिसरं बोट मी उचललं आणि खालीच ठेवलं नाही. डोडचा तळवा क्षणभर तसाच उघडा राहिला. मग त्यानं मान तिरकी केली आणि म्हणाला, "गर्र."

सँडीनं दोर सोडला. मी मनातल्या मनात "लवकर ये" म्हटलं. म्हणजे तेवढंही मी मोठ्यानं म्हटलं नाही.

दहा वाजता खिडकीतल्या साडीच्या पट्ट्या आत यायला लागल्या. साडेदहाला एक पट्टी सुटून आईच्या रांगोळीवर पडली. मी धक्क्याकडे पळाले तेव्हा सरळ चालता येत नव्हतं. जवळच्या होड्या कशाबशा आत आल्या होत्या, सँडीची आली नव्हती. बंदराच्या तोंडाशी पांढऱ्या पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं आणि कुत्रे गाउल करत होते. तो आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. जीन बंदराच्या खोलीत वायरलेसपाशी बसली होती आणि वायरलेस नुसता खरखरत होता. तिथं कोणी रडत नव्हतं. बायका कोटाची बटणं लावून भिंतीच्या आडोशाला उभ्या होत्या आणि समुद्राकडे बघत होत्या. आई फ्लास्कमधे चहा घेऊन आली आणि सगळ्यांना ओतून देत राहिली. डोड एकटा उघड्यावर, टोपी हातात धरून. मी त्याच्या शेजारी गेले, पण खिशात हात घालायची माझी हिंमत झाली नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला जीन बाहेर आली. सँडी तीन गावं पलीकडच्या बंदरात पोचला होता. जिवंत होता. दोर ओढताना उजवा हात यंत्रात सापडला होता आणि दोन बोटं गेली होती. बायकांमधून एक श्वास सुटला. मग कोणीतरी डोडकडे पाहिलं. हळूहळू सगळ्यांनीच पाहिलं.

"चूक माझी," डोड म्हणाला. "माका ऐकाक येणा नाय. वर्ष झाला."

मी तिथंच होते, हाताच्या अंतरावर. आई पण होती. माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. डोडनं टोपी घातली आणि काठी टेकत घराकडे चालायला लागला, आणि लोकांनी त्याला वाट करून दिली. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, त्यातल्या काही, पुढं नर्स झाल्यावर, पेशंटच्या बाबतीतही असतील. पण मला स्वतःची लाज वाटते ती त्या वाटेची. माझ्यासाठी कोणीतरी आपलं राहिलेलं सगळं सोडून देत होतं आणि मी चकलीच्या रिकाम्या डब्याचं झाकण घट्ट लावत उभी होते.

पाडव्यापर्यंत मी काही खाल्लं नाही. आईला वाटलं वारा बाधला. डोड धक्क्यावर जाईना, दाढी करीना. आमच्या जिन्यातून त्यांची खिडकी दिसायची, तिथं तो समुद्राकडे पाठ करून बसलेला असायचा. शेवटी संध्याकाळी आई बाबांना ओवाळत होती तेव्हा माझा बांध फुटला.

"आई, डोडचा चूक नव्हता. माझा चूक होता."

"माझी चूक होती," बाबा सवयीनं म्हणाले. आणि मग मी काय म्हटलं ते त्यांच्या डोक्यात शिरलं.

मी सगळं सांगितलं. खिसा, बोटं, तिसरं बोट. मराठी आणि इंग्लिश आणि बंदरावरचे शब्द, सगळं एकत्र, आणि बाबांनी मला एकदाही सुधारलं नाही. आई निरांजन हातात धरून तशीच उभी होती. "हे मीच शिकवलं तुला," ती म्हणाली. मी नाही नाही म्हणत राहिले. तिनं ताम्हण ठेवलं, पदर खोचला आणि माझं मनगट धरलं. "चल. तू सांगायचंस. मी बरोबर उभी राहते."

डोडच्या घरी सँडी शेगडीपाशी बसला होता, पांढरी पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून. मी उभ्यानंच सांगितलं. जीन मधेच उठून स्वयंपाकघरात गेली आणि किटली इतक्या जोरात आपटली की आई दचकली. तिचं बरोबर होतं. त्यानंतर किती तरी महिने तिनं माझ्याशी बोलणं टाकलं, तेही बरोबर होतं. सँडी आगीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आय." हा शब्द तिथं हो म्हणून वापरतात, आणि आता पुढं बोलायचं नाही म्हणूनही.

खिडकीपाशी बसलेल्या डोडला मी ओठ नीट हलवून परत सांगितलं. त्यानं माझा हात घेतला, तळवा उघडला, आणि आपल्या जाड बोटानं त्यावर दाबलं. एक, दोन, तीन.

"माका ठावक हुता," तो म्हणाला. "धक्क्याचो दगड हलता तेव्हा पायांक कळता. माझ्या पायांक कळला हुता. तू दोनच दाबलंस, आणि माका बरा वाटला. माझो झील, सँडी, हसत हुतो."

मग तो म्हणाला, "तू माया केलंस गो चेडवा. मी पण केलंय. बंदराच्या तोंडार माया कामाची नाय."

पुढं मी लीड्सच्या हॉस्पिटलात इतकी वर्षं नर्स म्हणून काढली. नातेवाईक कॉरिडॉरमधे उभे असतात, चेहरा असा करून की तुम्ही बरं काहीतरी सांगाल. बरोबरीच्या मुली मला म्हणायच्या, तू फार सरळ सांगतेस. मी सरळ सांगते, आणि मग तिथंच उभी राहते.

त्या हिवाळ्यात डोड आपणहून बाबांकडे गेला आणि कानाचं मशीन घेऊन आला. ते शिट्टी वाजवायचं. टीव्ही ऐकू यायचा, जीन ऐकू यायची, पण समुद्र म्हणजे त्याला सगळा एकच गोंगाट वाटायचा, मर नाही की गर्र नाही. होड्या आता नुसत्या रेडिओवर जात. मी शाळेला वरच्या रस्त्यानं जायला लागले, लांब पडायचं तरी.

ईस्टरच्या सुट्टीत सँडी पहिल्यांदा परत समुद्रावर निघाला. आदल्या संध्याकाळी डोड आमच्याकडे येऊन सांगून गेला, सकाळी मला धक्क्यापर्यंत सोबत हवी. मी पोट दुखतंय म्हणाले. आईनं सकाळी पांघरूण ओढलं आणि स्वतःही कोट चढवला. धक्क्यावर जीन होती, बाकीच्या होड्या होत्या. छान ऊन पडलं होतं. मी डोडच्या मागं उभी राहिले. सँडीनं उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी दोर धरला, पाय काठावर ठेवला, आणि बापाकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"फिट आर द डॉग्ज सेयिन, क्वाइन?"

मी डोडकडे पाहिलं तर त्यानं मशीन कानातून काढून खिशात टाकलं होतं. आता तो मुळीच ऐकू शकत नव्हता. सगळे गप्प झाले. मी डोळे मिटून ऐकलं. एक लांब आवाज, मग थोडं थांबणं. फार नाही. गर्र म्हणावं तर म्हणता आलं असतं. पण खालून येत होता, पोटातून, आणि थांबत होता. माझ्या मागं आई उभी होती. निघालेल्या माणसाच्या तोंडावर आता मी काय बोलणार हे तिला कळलं असावं, कारण तिचा हात माझ्या पाठीवर आला आणि तिथंच राहिला.

"गुर्ल," मी म्हणाले.

"मोठ्यानं," सँडी म्हणाला.

"गुर्ल!"

सँडीनं पाय मागं घेतला. इंजिन बंद केलं. दोर परत गुंडाळला. बाकीच्या होड्यांनीही एकेक करून इंजिन बंद केलं आणि माणसं घराकडे वळली. जीननं जाताना माझ्याकडे पाहिलं.

तो अख्खा दिवस मी खिडकीत बसून काढला. आयुष्यात त्या एकाच दिवशी मी वादळ यावं म्हणून देवाला विनवलं. साडीच्या पट्ट्या जागच्या हलल्या नाहीत. स्मर नाही, ब्लर्ट नाही, ढगाचा तुकडा नाही. जीननं चादरी धुऊन बाहेर वाळत घातल्या आणि संध्याकाळी कडक वाळलेल्या काढल्या. होड्या बंदरात बांधलेल्या, आणि बाहेर समुद्र ऊन खात पडलेला. बाबा वर आले, बाहेर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीचा बांगडा वाढला. मी ठरवलं, आता त्या धक्क्यावर परत जायचं नाही. आपल्याला कळत नाही, हे गावासमोर सिद्ध झालं.

दुसऱ्या दिवशी आईनं परत पांघरूण ओढलं. डोड खाली दाढी करून उभा होता. मी मान खाली घालून गेले. धक्क्यावर कालचीच माणसं होती. कालच्या दिवसाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. सँडीनं पाय होडीच्या काठावर ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, कुत्रे काय म्हणतायत?